अर्धा तास

माझं काम बघण्याचं.
मांजरीच्या कारखान्यात, रात्रपाळीला,
दिव्याखाली एक काळी पाटी, एक पांढरी.
बाटली काळीपुढे धरायची, हलकेच फिरवायची,
मग पांढरीपुढे.
केस, धागा, काचेचा कण.
बुडबुडा वर जातो, कण खाली बसतो,
एवढं कळलं की निम्मं काम आलं.
वीस मिनिटांनी डोळे मिटून बसायचं, तसा नियमच आहे.

कांचन विचारते, आज किती बाद केल्यास?
एकवीस.
म्हणजे चुकतं.
म्हणून तर मला पगार आहे.
आणि तुझंच चुकलं तर?

ती उगाच नाही विचारत.
स्वरदा सोळा महिन्यांची होती. सकाळी डोस,
संध्याकाळी ताप, आणि पावणेदोनला
पोरीचे डोळे वर गेले, मुठी घट्ट.
साडेसतरा नळीत रिक्षा मिळेना,
कांचन तिला घेऊन अनवाणी पळाली कालव्याच्या पुलापर्यंत.
मी पाळीवर होतो.
दुसऱ्यांच्या पोरांसाठी
बाटल्या उजेडात धरत होतो.
डॉक्टर म्हणाले, तापाची फीट, येते आणि जाते.
गेली. आता स्वरदा दोरीच्या उड्या मारते
आणि खालच्या मजल्यावरून तक्रारी येतात.
कांचनच्या तळव्यातली खडी मात्र
अजून निघालेली नाही.

शंभू नऊ महिन्यांचा झाला.
कार्डावर जन्मदिवसाचे शिक्के,
पुढची घरं कोरी.
आशाताई तीनदा येऊन गेल्या.
माझा भाऊ म्हणाला, बायकोला एवढं सांगता येत नाही?
तिची बहीण म्हणाली, आईचं मन आहे, बळजबरी नको.
दोघांच्याही घरी मुलांची कार्डं भरलेली.

मी आकडे सांगितले. लाखात इतक्या फीट,
हजारात गोवराने इतके.
ती म्हणाली, माझी एकातली एक होती.

मग एका रविवारी
मी ओट्यावर तवा उभा केला, शेजारी पांढरी फरशी,
शंभूची ग्राइप वॉटरची बाटली तिच्या हातात दिली.
फिरव. थांब. आता बघ.
ती बघत राहिली. दूध उतू गेलं.
काहीतरी तरंगतंय रे.
तरंगतंय की वर जातंय?
...वर जातंय.

बुधवारी म्हणाली, चल.
पण बाटली आधी मी बघणार.

मनपाचा दवाखाना. मागे वीस आया,
एका पोराचं रडणं दुसऱ्याला लागलेलं.
भोईटे सिस्टर वैतागल्या, तरी दिली.
लेबलवरचा चौकोन दाखवला, भोवतीच्या गोलाहून फिका,
म्हणजे गरम झालेली नाही.
कांचनने ती काळ्या ओढणीपुढे धरली,
मग सिस्टरच्या पांढऱ्या कोटापुढे.
ही तर गढूळ आहे.
ही अशीच असते, सिस्टर म्हणाल्या.
तिने माझ्याकडे पाहिलं.
गुठळी आहे का बघ, मी म्हणालो,
यात त्याहून जास्त मलाही दिसत नाही.
ती बघत होती. माझ्या सुपरवायझरने
एवढ्या वेळात दोनदा घड्याळ दाखवलं असतं.
अकरा वर्षं मी बाटल्या पुढे सरकवल्या,
त्या शेवटी कुणापुढे जातात
ते आज पाहिलं.

गुठळी नव्हती. तिने बाटली परत केली
आणि शंभूची मांडी स्वतः धरली.
त्याला आधी नवल वाटलं, मग भोकाड.

अर्धा तास बसा, सिस्टर म्हणाल्या.
बाकावर बसलो. तिचा तळवा त्याच्या कपाळावर,
नजर त्याच्या डोळ्यांवर.
वीस मिनिटं झाली.
म्हटलं, डोळ्यांना सुट्टी दे, मी बघतो.
तिने नजर काढली नाही.
आज रात्री घरी आहेस ना?
आहे.
थर्मामीटरचा सेल बघून ठेव.